दहा उलटे पक्षी

सकाळी सासूबाईंची औषधं काढताना वहिनी गोळी कधीच वरून दाबून बाहेर काढायची नाही. स्ट्रिप पालथी घ्यायची, कात्रीच्या टोकाने मागचा चंदेरी कागद अलगद चिरायची आणि कॅप्सूल तळहातावर उतरवून घ्यायची. पुढचा प्लॅस्टिकचा फुगवटा तसाच्या तसा राहायला हवा, त्याला चुणीसुद्धा पडता कामा नये. औषध गिळून झालं की रिकामी स्ट्रिप खिडकीशी धरायची, एक डोळा मिटून बघायची, आणि चांगले फुगवटे एकेक कापून बिस्किटांच्या डब्यात टाकायची. लांबट कॅप्सूलचा फुगवटा म्हणजे थेट मधल्या बोटाचं नख. रक्तदाबाच्या बारक्या पिवळ्या गोळीचा म्हणजे करंगळीचं.

"मी बरी व्हावी असं हिला वाटतच नसणार," पलंगावरून सासूबाई म्हणायच्या. "माझ्या गोळ्या थांबल्या तर हिचा कारखाना बंद पडेल."

"आई, पाणी संपवा. अर्धा पेला तसाच आहे."

"बघा. उत्तर सुचलं नाही की पाणी पाजते."

वहिनीला सख्खी नणंद एकच. पण ती दिवसातून पन्नास वेळा हाक मारायची, आणि ती हाक ऐकून ऐकून शेजारपाजारची माणसं, खालचा दुकानदार, पोस्टमन, सगळेच तिला वहिनी म्हणायला लागले. नवरा मालाच्या ट्रकवर. महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून सासूबाईंचा पलंग, कारण खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना बाहेरचं जग म्हणून तेवढी खिडकीच उरली होती.

त्याआधी बावीस वर्षं वहिनीने शर्टांना बटणं लावली होती. कारखान्यात, शेवटच्या रांगेत, पाठीला टेकू नसलेल्या बाकावर. समोरची सात, कॉलरची दोन, मनगटांची दोन आणि आतल्या शिवणीला टाचलेलं एक जादा. तिच्या हातचं बटण तुटून आलं, अशी तक्रार बावीस वर्षांत आली नाही. मग बटणं लावणारं यंत्र आलं, आणि त्याने शेवटची रांग बाकांसकट उठवली. वहिनीला वाईट वाटलं, पण रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तिने लावलेली बटणं अंगावर घातलेला एकही माणूस तिने आजवर डोळ्यांनी पाहिला नव्हता. शर्ट खोक्यात जायचे, खोकी गाडीत, आणि गाडी फाटकाबाहेर. काम सुटल्यावर ती रस्त्याने जाताना पुरुषांच्या छातीकडे टक लावून बघायची, चार भोकांतून गेलेला दोरा आपला तर नव्हे म्हणून. एकदा एक गृहस्थ थांबून म्हणाले, "बाई, काही सांडलंय का माझ्या अंगावर?" तेव्हापासून तिने ते सोडून दिलं.

नखांचा नाद लागला तो नणंदेने फेकलेल्या बाटलीमुळे. नेलपॉलिश घट्ट झालं म्हणून ती टाकून देत होती. वहिनीने बाटली कोमट पाण्यात धरली, दोन तळहातांत घोळवली, आणि रंग पुन्हा वाहता झाला. आता त्याचं करायचं काय? संपलेल्या पेनाची रिफिल हाताशी होती. तिचं टोक रंगात बुडवून तिने स्वतःच्या अंगठ्यावर एक ठिपका टेकवला. गोल, टपोरा, काठ जराही न फुटलेला ठिपका. मग त्याच्याभोवती पाच. सहा ठिपक्यांचं फूल झालं, आणि बटणं लावून खरखरीत झालेल्या त्या अंगठ्याकडे वहिनी बराच वेळ बघत राहिली.

त्यानंतर घरातली कुठलीच बारीक वस्तू तिच्या तावडीतून सुटली नाही. खोडरबरात सुई उलटी खोचून पानांच्या शिरा ओढायचं हत्यार झालं. जुन्या टूथब्रशचे तीन केस काडेपेटीच्या काडीला दोऱ्याने बांधले, त्याचा ब्रश झाला. इतका बारीक की त्याने पापण्या काढता येत. भांडी घासायच्या स्पंजचा कोपरा दोन रंगांत बुडवून टेकवला की नखावर संध्याकाळ उतरायची. चिकटपट्टीच्या चिंधोट्या आधी मनगटावर चिकटवून त्यांचा गोंद थोडा मारायची, मग नखावर लावायची, म्हणजे सोलताना खालचा रंग निघत नाही. वाटीभर पाण्यात रंगाचे थेंब सोडून टूथपिकने फिरवले की लाटा तयार होत, आणि त्यात बोट बुडवलं की लाटा बोटाला लागून वर येत. कातडीला रंग लागू नये म्हणून ती नखाभोवती आधी डिंकाचं बोट फिरवायची. वाळला की साल निघावी तसा तो रंगासकट निघायचा.

स्वतःची दहा नखं किती दिवस पुरणार? म्हणून ते फुगवटे. लाकडी फूटपट्टीवर मेणाने दहा फुगवटे ओळीने चिकटवायचे, पट्टी मांडीवर घ्यायची आणि दुपारभर रंगवत बसायचं. सराव झाला की खरं नख हवं. नणंद कामावर. मग हाताशी कोण, तर पलंगावरच्या सासूबाई.

"मला कशाला गं? मी काय नाचायला जाणारे?"

"नुसता हात द्या आई. बाकी तुम्ही झोपा."

वहिनी पलंगाच्या कडेला त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसायची, त्यांचा हात आपल्या काखेतून पुढे घ्यायची, लहान मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेतात तसा, आणि कामाला लागायची. पहिल्या दिवशी सासूबाईंनी निषेध म्हणून डोळे मिटून घेतले. आठ दिवसांनी त्यांनी आपणहून बोटं पसरली. "फुलं पुरे आता. मासे काढ. आणि एकाला जरा रागीट तोंड दे, ते तुझ्या सासऱ्यांचं."

नवऱ्याने घरी आल्यावर हा सगळा प्रकार बघितला आणि पोट धरून हसला. जाताना मात्र बूट घालण्याआधी तो दाराशी जरा घुटमळला. त्या खेपेला त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर ट्रकचं चाक होतं, बारा आऱ्यांचं. "बुटात कुणाला दिसत नाही," तो म्हणाला. "पण ब्रेकवर पाय ठेवला की मला माहीत असतं."

नणंदेने सासूबाईंच्या हाताचा फोटो काढला आणि कोपऱ्यावरच्या पार्लरात नेऊन दाखवला. पार्लरवाल्या बाईंनी तो मोठा करून करून बघितला.

"हा हात कुणाचा?"

"आमच्या आईचा."

"वय?"

"अठ्ठ्याहत्तर."

"आणि काढलंय कुणी?"

पार्लरात नखांचं काम करणारी मुलगी लग्न करून दुसऱ्या गावी गेली होती आणि तिची खुर्ची दोन महिने रिकामी होती. बाईंनी निरोप पाठवला: शनिवारी या, एका गिऱ्हाइकाचे दोन्ही हात करून दाखवा. गिऱ्हाइकाला पसंत पडलं तर खुर्ची तुमची.

वहिनीने निरोप दोनदा सांगायला लावला. मग तिने विचारलं, "रंगवून झाल्यावर ती बाई माझ्यासमोरच हात बघेल ना?"

"मग काय घरी जाऊन बघेल?" नणंद म्हणाली.

"तेवढंच विचारत होते."

शनिवारचं गिऱ्हाईक निघालं वकीलबाई. या वकीलबाईंनी तीनदा परत केलेला काळा कोट शिंप्याने शेवटी कंटाळून स्वतःच्या बायकोला दिला, अशी त्यांची ख्याती. पार्लरात नखांचं टेबल भिंतीला स्क्रूने ठोकलेलं होतं. अलीकडे गिऱ्हाइकाची खुर्ची, पलीकडे काम करणारीची, मध्ये दिवा. वकीलबाई बसल्या, दोन्ही हात टेबलावर ठेवले, आणि म्हणाल्या, "पक्षी काढा. साधे. मला तीनला तारीख आहे."

वहिनीच्या आयुष्यात तिच्यासमोर बसून कुणी हात पुढे केले नव्हते. तिने ब्रश बोटांत घेतला. फिक्या निळ्यावर बारीक फांदी, फांदीवर पक्षी. एक मान वळवलेला, एक पंखात चोच खुपसलेला, एक झोपलेला, एक उडावं की नाही या विचारात. दहा नखांवर दहा. शेजारच्या खुर्च्यांतल्या, केस धुवायला आलेल्या बायका माना उंच करून बघायला लागल्या. पार्लरवाल्या बाई वहिनीच्या पाठीमागून वाकून म्हणाल्या, "वा!" वहिनीने वरचा चकचकीत थर दिला, ब्रश खाली ठेवला, आणि ज्या क्षणाची ती बावीस वर्षं वाट बघत होती तो क्षण आला. वकीलबाईंनी हात उचलून आपल्या डोळ्यांसमोर धरले.

त्यांनी बघितलं. मान वाकडी करून बघितलं. मग चष्मा काढून बघितलं.

"ही वटवाघळं आहेत का?"

क्षणभर कुणालाच कळेना. मग पार्लरवाल्या बाई टेबलाला वळसा घालून वकीलबाईंच्या मागे गेल्या, आणि त्यांचं "वा" जागच्या जागी विरलं. तिकडून बघितलं तर फांदी वर होती आणि तिला दहाच्या दहा पक्षी खाली डोकं वर पाय करून लटकलेले होते.

केस धुवायला आलेल्या बायकांतल्या एकीला हसू आवरलं नाही. एक हसली, मग सगळ्या हसल्या.

"अहो, वर कुठलं खाली कुठलं एवढंही बघू नये माणसाने?" पार्लरवाल्या बाई म्हणाल्या. "बसा, पुसून देते वकीलबाई."

"आता कुठे पुसता? पावणेतीन झाले." वकीलबाईंनी पिशवी खांद्याला लावली आणि दहा वटवाघळं घेऊन त्या निघून गेल्या.

घरी आल्यावर वहिनीने सगळं सांगितलं. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि वहिनीला डोळ्यांत पाणी असतानाच त्यांची पाठ चोळावी लागली. ठसका थांबला तेव्हा त्यांनीच विचारलं, "पण झालं कसं गं? माझ्या हातावरचा एक मासा कधी पालथा पडला नाही तो."

ते वहिनीला पायऱ्या चढतानाच उमगलं होतं. ती शिकली ती स्वतःच्या हातावर. स्वतःचा हात समोर ठेवला की बोटांची टोकं आपल्यापासून लांब. फूटपट्टीसुद्धा तशीच धरलेली. सासूबाईंच्याही शेजारी बसायचं, तेव्हा त्यांच्या बोटांची टोकंही लांबच. लांब ते वर, जवळ ते खाली. याहून वेगळं काही लक्षात ठेवायची वेळच कधी आली नव्हती. समोर बसलेल्या माणसाच्या बोटांची टोकं आपल्याकडे असतात, हे जगातल्या कुणालाही सांगावं लागलं नसतं, फक्त घरात बसून एकटीनेच शिकलेल्या बाईला सोडून.

मग तिने उलटं काढायला शिकायचा चंग बांधला. आठ दिवस. फूटपट्टी उलटी धरली, फांदी वर काढली आणि पक्षी खाली डोकं करून. संध्याकाळी नणंदेला समोर बसवायची. पक्षी आता सरळ येत होते यात वाद नव्हता, पण त्यांच्यातला जीव गेला होता. मान वळली तर मोडल्यासारखी वाटे. झोपलेला पक्षी आजारी दिसे. उडू की नको म्हणणाऱ्याने जणू कधीच न उडायचं ठरवून टाकलं होतं.

नणंद चांगुलपणाने म्हणाली, "वाईट नाहीयेत वहिनी."

"वाईट नाहीत, पण मेल्यासारखे आहेत," सासूबाई म्हणाल्या. "मला दाखव... हं. हे बघ, हा तर तुझ्याकडे मदत मागतोय."

"मग काय करू आई? हाताला सवयच तशी नाही."

"माझे कसे येतात जिवंत?"

"तुमच्या शेजारी बसते म्हणून."

"मग तिच्या शेजारी बस की."

"पार्लरात असं कुणी बसतं का? गिऱ्हाइकाच्या मांडीला मांडी लावून?"

"का? पार्लर काय तुझ्या सासूचं आहे, घाबरायला?"

वहिनीने फूटपट्टी बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळचं आवरून तिने रंग-ब्रश भरलेला बिस्किटांचा डबा पिशवीत टाकला, मोरीतलं बुटकं स्टूल धुऊन पुसून हातात घेतलं, आणि ती कोर्टासमोरच्या इमारतीत वकीलबाईंच्या ऑफिसात जाऊन बसली. बाकावर आधीच पाच माणसं होती, प्रत्येकाच्या मांडीवर कागदांचं बाड. वहिनीच्या मांडीवर स्टूल.

कारकुनाने वही उघडली. "कसलं प्रकरण आहे?"

"पक्ष्यांचं."

"पक्ष्यांचं इथे कुठे? वनखात्यात जा."

"माझ्याच हातून झालेलं आहे. वकीलबाईंना माहीत आहे."

कारकुनाने तिच्याकडे, मग स्टुलाकडे बघितलं. बहुधा मनातल्या मनात गुन्ह्याचा अंदाज बांधला आणि तिला सहावा नंबर दिला.

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी तिचा नंबर लागला. वकीलबाई कागदांच्या ढिगाऱ्यामागे बसल्या होत्या आणि त्यांच्या बोटांवर अजून ते दहाही जण लटकलेले होते. कडा झिजलेल्या, मुळाशी थोडं कोरं नख वाढलेलं, पण होते.

"काढली नाहीत?" वहिनीच्या तोंडून निघून गेलं.

"वेळ कुठे होता?" वकीलबाई म्हणाल्या. "आणि खरं सांगू? त्याच दिवशी तीनला एका साक्षीदाराची उलटतपासणी होती. मी त्याच्यासमोर हात ठेवून उभी. तो माझ्या तोंडाकडे बघेचना. बोटांकडे बघत राहिला. शेवटी पाठ करून आलेलं सगळं विसरला आणि खरं बोलून मोकळा झाला." त्या हसल्या नाहीत, पण ओठाचा एक कोपरा हलला. "त्याला ते सरळ दिसत होते ना. समोर बसणाऱ्या प्रत्येकाला सरळ दिसतात. माझ्या नशिबी मात्र नऊ दिवस वटवाघळं. सही करायला गेलं की वटवाघळं."

"तेच नीट करायला आलेय. अर्धा तास द्या. पण मला समोर बसून येत नाही. शेजारी बसावं लागेल, आणि तुमचा हात माझ्या काखेत घ्यावा लागेल."

वकीलबाईंनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. साक्षीदाराकडे बघत असाव्यात तसं. "उजवा आधी घ्या. तो जेवायला लागेल."

वहिनीने स्टूल त्यांच्या खुर्चीला भिडवून ठेवलं. रिमूव्हरने एकेक नख स्वच्छ केलं. मग तो हात काखेखालून पुढे घेतला, आणि त्याबरोबर टेबल, कागद, खिडकी, सगळं आपापल्या जागी आलं. लांब ते वर. जवळ ते खाली. पहिली फांदी एका दमात ओढली गेली. वकीलबाईंचा हात आधी लाकडासारखा ताठ होता. तिसऱ्या बोटापर्यंत तो सैल पडला. पाचव्यापर्यंत त्यांचा खांदा वहिनीच्या खांद्याला टेकला आणि तिथेच राहिला. त्या अर्ध्या तासात दोघी एकच गोष्ट एकाच बाजूने बघत होत्या.

मध्येच कारकून दार उघडून आत डोकावला, काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडलं, आणि तसंच मिटून परत गेला. बाहेर त्याने बाकावरच्या लोकांना काय सांगितलं कोण जाणे.

डावा हातही झाला. वकीलबाईंनी दोन्ही हात उचलले नाहीत. त्यांना उचलायची गरजच नव्हती. त्या नुसत्या खाली बघत राहिल्या. दहा पक्षी त्यांच्याकडे बघत होते.

"हा झोपलेला छान आहे," त्या म्हणाल्या. आणि मग, आवाज पुन्हा वकिली करत, "पार्लरवालीला चिठ्ठी देते. तुम्हाला घेतलंच पाहिजे म्हणून."

"चिठ्ठी नको मॅडम."

"का?"

"चिठ्ठीवर मिळालेली खुर्ची मला रोज उसनी वाटेल. तुम्ही फक्त तिकडून जाताना हात दाखवा."

वकीलबाई त्या संध्याकाळी पार्लरात गेल्या. काय बोलल्या ते कुणी सांगितलं नाही. नणंदेला एवढंच कळलं की त्यांनी आत जाऊन दोन्ही हात काउंटरवर पालथे ठेवले आणि "बघा" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी निरोप आला. नणंद तो जिन्यातूनच ओरडत आली. "वहिनी! बोलावलंय! आणि येताना स्टूल घेऊन ये म्हणाल्यात!"

सासूबाई पलंगावर उठून बसल्या. आधाराशिवाय. ते त्यांच्याही उशिरा लक्षात आलं.

पार्लरात वहिनी स्टूल घेऊन उभी राहिली तेव्हा त्याच केस धुवायला येणाऱ्या बायका होत्या, आणि या वेळी कुणी हसत नव्हतं. पार्लरवाल्या बाई टेबलाशी उभ्या होत्या, हात कमरेवर ठेवून.

"हे बघा, काम तुमचं चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण हे टेबल भिंतीला ठोकलेलं आहे. अलीकडे एकच माणूस मावतं. तुम्ही बसणार कुठे?"

"टेबल सोडवा."

"सुतार बोलवावा लागेल."

"बोलवा की."

वहिनीने जन्मात कुणाला असं सांगितलं नव्हतं. बोलून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं, पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. पार्लरवाल्या बाईंनी फोन उचलला, सुताराला यायला सांगितलं, मग फोन ठेवून दुसरी शंका काढली. "आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला आवडेल का असं? अनोळखी बाईच्या काखेत हात द्यायला?"

"आधी तुम्ही द्या. मग सांगा."

बायकांच्यात खसखस पिकली, पण या वेळी ती वहिनीच्या बाजूची होती. "द्या ना बाई, घाबरताय काय?" डोक्याला टॉवेल गुंडाळलेली एकजण म्हणाली.

पार्लरवाल्या बाईंची नखं आखूड, कोरी, आणि कडांना केसांच्या रंगाने काळवंडलेली होती. वीस वर्षं इतरांची डोकी सजवणाऱ्या बाईचे हात असेच असायचे. त्या खुर्चीत बसल्या, अवघडून. वहिनीने स्टूल त्यांच्या बाजूला लावलं, हात जवळ घेतला, आणि ब्रश उचलण्याआधी तो प्रश्न विचारला, जो पुढे तिच्याकडे येणारी प्रत्येक बाई ऐकणार होती.

"कुणाला दिसायला काढू? समोरच्याला, की तुम्हाला?"

हे काही अडवून धरायचं म्हणून नव्हतं. वकीलबाईंच्या साक्षीदारापासून वहिनीला कळलं होतं की दोन्ही खरं असतं; कुणाला जगासाठी हवं असतं, कुणाला स्वतःसाठी, आणि आता तिला दोन्ही बाजू येत होत्या. समोर बसलं की एक, शेजारी बसलं की दुसरी. तिची चूक आता तिचं कसब झाली होती.

पार्लरवाल्या बाईंनी आपल्या नखांकडे बघितलं. आरशांच्या त्या खोलीत वीस वर्षं उभ्या असलेल्या बाईला हे कुणी कधी विचारलं नसावं. "मला," त्या म्हणाल्या, आणि एवढ्या मोठ्या बाईचा चेहरा जरासा लाजल्यासारखा झाला. "मला दिसायला काढा."

वहिनीने त्यांच्या आखूड नखांवर उंच गवताची पाती काढली, म्हणजे बोट लांब दिसावं. काळवंडलेल्या कडांवर ओल्या मातीचा रंग दिला. डाग जमिनीत मुरला. अंगठ्यावर गवतात लपलेला एकच पक्षी, नुसतं डोकं वर काढलेला. पहिला हात झाला तेव्हा बाईंनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग दुसरा हात आपणहून वहिनीच्या काखेत दिला. तेवढ्यात खोलीतल्या सगळ्या बायका भोवती जमल्या होत्या. डोक्याला टॉवेल गुंडाळलेली म्हणाली, "माझा नंबर त्यांच्यानंतर." दुसरी म्हणाली, "अगं, मी आधी आलेय!" "तू केसांना आलीस, नखांना नाही." नणंद कामावरून परस्पर तिथेच आली होती, दारात उभी राहून ती आईला फोनवर सगळं जसंच्या तसं ऐकवत होती, आणि फोनमधून सासूबाईंचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता: "स्टुलाला गादी द्यायला सांग त्यांना! पाठीला टेकू असलेलं द्या म्हणावं!"

सुतार हत्यारांची पेटी घेऊन आला. पार्लरवाल्या बाईंनी मोकळ्या हाताने टेबल दाखवलं. "हे भिंतीपासून सोडवा. मध्ये घ्या. दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसं बसली पाहिजेत."

"खुर्ची कुणाची, हिची का?" सुताराने वहिनीकडे बघत विचारलं.

"हिचीच," बाई म्हणाल्या. "उंची हिला विचारून घ्या."

वहिनीने ते ऐकलं. तिने मान वर केली नाही. ब्रशचे तीन केस पक्ष्याच्या डोक्याशी पोचले होते. सुताराने पहिला स्क्रू सैल करायला हातोडीने ठोका दिला आणि टेबल हललं.

"दादा," वहिनी म्हणाली, "दोन मिनिटं ठोकाठोकी थांबवा. चोच काढतेय."